साडेआठशे फुटांनंतर

पत्र:

ताई, नमस्कार. मी चाकणला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. गाव जालना जिल्ह्यातलं. वडिलांनी २००६ मध्ये साडेतीन एकरांवर मोसंबी लावली. ते गेल्यापासून सगळं दादा बघतो. २०१२-१३ च्या दुष्काळात गावातल्या निम्म्या बागा तुटल्या, पण दादानं वहिनीचे दागिने मोडून टँकर घातले आणि बाग जगवली. तेव्हापासून पंचक्रोशीत त्याचं नाव आहे.

आता विहीर मार्चातच तळ गाठते. तीन वर्षांत दादानं पाच बोर पाडले. पहिला तीनशे फूट, शेवटचा साडेआठशे. दोनांना पाणी लागलं. एक सहा महिने चालला, दुसरा चाळीस दिवस. बाकीचे तिन्ही कोरडे. सहा लाखांच्या वर गेले, त्यात अडीच लाख माझे. आता म्हणतो, हजार फुटांवर नक्की आहे, पाणाड्यानं दोन जागा दाखवल्यात. त्यासाठी रस्त्याकडचा एक एकर तालुक्यातल्या एका माणसाला लिहून द्यायचा, तो चार लाख देतो. फेडले की जमीन परत, असं तोंडी ठरलंय. सातबाऱ्यावर माझंही नाव असल्यानं माझी सही लागते. समजवायला गेलो की म्हणतो, तू पंख्याखाली बसून पगार घेतो, तुला काय कळतं. परवा आईसमोर म्हणाला, बाग गेली तर मी पण गेलोच समजा. मीही आता हट्टाला पेटलोय. सही करणार नाही, पैसे देणार नाही, लागू दे त्याला एकदा ठेच. एवढा हुशार माणूस, त्याला समोरचं दिसत कसं नाही? आणि माझं बरोबर आहे ना? मला ट्रेकिंगचा नाद आहे, दर रविवारी कुठल्यातरी गडावर असतो, पण हल्ली तिथंही मन लागत नाही.
एक वाचक, चाकण

उत्तर:

नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या वाचनात माझंही सगळं लक्ष सहीवरच गेलं. करावी की करू नये, कायदा काय म्हणतो, चार लाखांचं काय. दुसऱ्या वाचनात एका ओळीपाशी अडकले आणि पुढं जाता येईना. ‘बाग गेली तर मी पण गेलोच समजा.’ दादा हे आईसमोर बोलले. तुम्ही ते लिहिलंत आणि पुढच्याच वाक्यात स्वतःच्या हट्टाकडे वळलात.

म्हणून सही, जमीन, पाणी हे सगळं नंतर. आधी ही ओळ.

शेतकऱ्याच्या घरात असं वाक्य रागाच्या भरातलं म्हणून सोडून द्यायची आपल्याला सवय लागली आहे. ‘बोलतो तसा, करत नाही काही’ हे मी कितीतरी घरांत ऐकलंय, आणि त्यातल्या काही घरांत नंतर भेटायला जायची वेळही माझ्यावर आली आहे. डोक्यावर कर्ज, डोळ्यांसमोर वाळणारी बाग, घरात अबोला आणि त्यात असं बोलणं, एवढं एकत्र आलं की ते बोलणं खरं धरायचं. आज संध्याकाळी दादांना फोन करा. बोरचा विषय काढू नका. जेवलास का, झोप लागते का, हे विचारा. मग सरळ विचारा, ‘दादा, परवा आईजवळ बोललास ते मनातलं होतं का? जीव द्यायचे विचार येतात का तुला?’ असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती बाळगू नका. तसं होत नाही. ज्याच्या मनात ते चाललेलं असतं, त्याला कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, आणि भावाची काळजी वाटते म्हणून तुम्ही स्वतःही तिथं फोन करू शकता. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते, तिथं त्यांच्यासोबत जा.

वहिनींना वेगळा फोन करा. फवारणीची औषधं घरातून आणि गोठ्यातून हलवून विश्वासाच्या शेजाऱ्याकडे कुलपात ठेवायला सांगा. दादांना रात्री मळ्यात एकटं झोपू देऊ नका. वहिनी घाबरतील असं तुम्हाला वाटेल. पण रोज त्यांच्या ताटात वाढणाऱ्या बाईला हे तुमच्या-माझ्या आधी जाणवलेलं असणार. आपल्याशी कुणीतरी बोललं, याचं त्यांना बरंच वाटेल.

एवढं करून मगच पुढचं वाचा.

एवढ्या हुशार माणसाला समोरचं दिसत कसं नाही, याचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. ते उत्तर म्हणजे २०१२ साल.

त्या वर्षी दादांनी बाग तोडली असती तर त्यांना कुणी नावं ठेवली नसती. अख्ख्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागांवर कुऱ्हाड चालत होती. लोक स्वतःच्या हातानं लावलेली झाडं तोडत होते आणि तोडताना रडत होते. दादांनी दागिने मोडले, टँकर घातले, आणि पुढच्या जूनमध्ये पाऊस वेळेवर आला. २०१३ चा पावसाळा चांगला झाला. तो आणखी दीड महिना लांबला असता तर टँकरही गेले असते, दागिनेही आणि बागही, आणि आज दादांची गोष्ट गावात वेगळ्या पद्धतीनं सांगितली गेली असती. बाग दादांच्या जिद्दीनं जगली हे खरंच आहे. पण ती वेळेवर आलेल्या पावसानंही जगली. त्यातली जिद्द तेवढी लक्षात राहिली. गावानंही तेवढीच लक्षात ठेवली. पारावर नाव निघालं ते दादांचं, पावसाचं नाव कुणी घेतलं नाही.

हरलेला माणूस पुढच्या वेळी जपून पाऊल टाकतो. धोक्याच्या अगदी काठावरून जिंकून आलेल्या माणसाला मात्र तो काठ दिसेनासा होतो. पाचवा बोर कोरडा निघाला तेव्हा दादांच्या मनात ‘हे चुकतंय’ असं आलं नसेल. ‘तेव्हाही सगळे असंच म्हणत होते’ हे आलं असेल. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा धडा हाच, की लोक थांबा म्हणतात तेव्हा थांबायचं नसतं. तो धडा त्यांनी फार मोठी किंमत मोजून घेतलाय, म्हणून तो सुटत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या धाकट्या काकांनी २००३ च्या दुष्काळात एका उन्हाळ्यात चार बोर घेतले. बोरची गाडी येणार म्हणजे आम्हा मुलांना जत्रा वाटायची. दोन अवजड ट्रक, एकावर कॉम्प्रेसर, गाडीबरोबर आलेली तमिळ बोलणारी पोरं, आणि रात्रभर तो कानठळ्या बसवणारा आवाज. नारळ फुटला, गुलाल पडला की पहिला तास सगळे उभ्यानं बघत. लाल माती उडाली, मग मुरूम, मग पांढरा फुफाटा. फुफाटा ओला झाला की माणसं पुढं सरकत आणि कुणीतरी ओरडे, ‘लागलं!’ मग परत कोरडी धूळ. रात्री दोन-तीनच्या सुमाराला गाडीवाला मशीन थांबवून विचारायचा, ‘साहेब, अजून शंभर फूट?’ काका अंगभर राख फासल्यासारखे उभे असायचे. भोवती भावकी, शेजारी, ज्यांच्याशी बांधाचं भांडण आहे तेही. त्या माणसांसमोर ‘बस, थांबव’ म्हणायला जे बळ लागतं, ते त्या क्षणी कुणाच्याच अंगात नसतं. काका दर वेळी मान हलवायचे आणि आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो. चौथ्या बोरनंतर त्यांनी दोन एकर विकले. पुढं कितीतरी वर्षं ते कुणाच्या लग्नाला आले नाहीत. त्या टाळ्या मला अजून टोचतात.

गाडीवाल्याचा व्यवहारही समजून घ्या. त्याला पैसे फुटावर मिळतात, पाण्यावर मिळत नाहीत. जसजसं खोल जावं तसतसा फुटाचा दरही चढतो. पाणाड्याचंही तसंच. पाणी लागलं तर त्याचं नाव होतं, नाही लागलं तर ‘अजून थोडं जायला हवं होतं’. त्या रात्री खड्ड्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्यांपैकी थांबण्यात ज्याचा फायदा आहे असा एकच माणूस असतो, आणि नेमका तोच थांबू शकत नाही.

आता पाण्याचं. हे नीट समजून घ्या, कारण दादांशी बोलताना ‘लोक काय म्हणतात’ यापेक्षा ‘खडक काय म्हणतो’ हे उपयोगी पडेल.

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टचा आहे, म्हणजे लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला. तुमच्या रानात वरून खाली गेलं तर काळी माती, मुरूम, भेगा पडलेला खडक, मग काळा पाषाण, मध्ये कुठं मांजऱ्या खडक, कुठं गेरूचा तांबडा पट्टा. या पाषाणाच्या अंगात वाळूसारखं पाणी मुरत नाही. पाणी राहतं ते मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. दरवर्षीच्या पावसानं जे पुन्हा भरतं, ते बहुतेक ठिकाणी वरच्या शंभर-दोनशे फुटांतलं. त्याखाली पाणी लागतच नाही असं नाही, आणि फसगत तिथंच होते. खोल सांध्यात कधीकधी पाणी सापडतं. पण ते थेंबाथेंबानं कितीतरी वर्षं साठलेलं असतं. मोटर सोडली की महिन्या-दोन महिन्यांत उपसून जातं आणि परत भरायला पावसाचं पाणी तिथपर्यंत पोहोचत नाही. तुमचा चाळीस दिवसांचा बोर तो हाच. तो दादांना पुरावा वाटतो, की खाली पाणी आहे. खरं तर ती तिजोरी होती, चाळीस दिवसांत रिकामी झाली.

आणखी एक गोष्ट दादांच्या लक्षात आली नसावी. खोल बोर वरच्या थराला भोक पाडून खाली जातो. केसिंग, म्हणजे बोरच्या आत बसवलेला पाइप, वरच्या काही फुटांपुरतंच घातलेलं असेल तर वरच्या भेगांतलं पाणी त्याच भोकातून खाली उतरतं. विहीर मार्चातच तळ गाठते त्यामागे गावातले बोर असतील, आणि त्यात तुमचे स्वतःचे पाचही असू शकतील. बाग वाचवायला केलेलं काम बागेच्या मुळावर आलेलं असणं शक्य आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियमात ६० मीटर, म्हणजे साधारण दोनशे फुटांखालच्या विहिरींचा वेगळा विचार केलाय आणि शेतीसाठी त्या घेण्यावर बंधनं घातली आहेत, ती याच कारणानं. तुमचा सगळ्यात उथळ बोरसुद्धा त्या रेषेच्या शंभर फूट खाली आहे.

यात दादा एकटे नाहीत. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी पाच लाख लिटर घेऊन पोहोचली. त्याही उन्हाळ्यात मराठवाड्यात बोरच्या गाड्यांना उसंत नव्हती. सगळा मुलूख एकदम एकच चूक करायला लागला की ती चूक वाटेनाशी होते, ती हिंमत वाटते.

तुम्ही गडांवर जाता, म्हणून तुमच्या ओळखीचं एक उदाहरण देते. १० मे १९९६, एव्हरेस्ट. न्यूझीलंडचा रॉब हॉल हा त्याआधी चार वेळा शिखरावर जाऊन आलेला मोहीमप्रमुख. उशिरात उशिरा दुपारी दोनला, जिथं असू तिथून परत फिरायचं, हा त्याचाच नियम. आदल्या वर्षी त्यानं आपल्या एका सोबत्याला शिखर जवळ दिसत असताना मागं फिरवलं होतं, आणि तो माणूस सुखरूप खाली आला होता. १९९६ ला तोच सोबती पुन्हा आला. दोन वाजले, तीन वाजले, हॉल वर थांबून राहिला. सोबती शिखरावर पोहोचला तेव्हा चार वाजून गेले होते. मग वादळ आलं. त्या वादळात त्या डोंगरावर आठ माणसं गेली, त्यात ते दोघंही होते. नियम ठाऊक होता, घड्याळ मनगटावर होतं. पण शिखर इतकं जवळ असताना, आणि एकदा हातचं सोडून परत आलेल्या माणसाला पुन्हा ‘चल’ म्हणताना, नियम त्याच्या तोंडून निघाला नसेल. यात मला नुसता गर्व दिसत नाही, माया पण दिसते. दादांचंही तसंच असेल. वडिलांनी लावलेली झाडं आहेत ती.

हॉलनं केलेला नियम वर गेल्यावर पाळायचं कामही त्याच्या एकट्याकडेच होतं. तिथं त्याला अडवणारा कुणी नव्हता. आता अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार बघा. पोपटराव पवारांच्या गावानं शेतीसाठी बोर घ्यायचेच नाहीत असं ठरवलं. दरवर्षी पडलेला पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी कुठली पिकं घ्यायची नाहीत हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. तिथं एखाद्या शेतकऱ्याला मागं सरावं लागलं तर ती त्याची हार होत नाही, कारण सगळं गावच मागं सरतं. दादांना नेमकं हेच मिळत नाहीये. थांबायचं तर एकट्यानं, हरल्यासारखं, आणि तेही पंख्याखाली बसणाऱ्या धाकट्या भावाच्या सांगण्यावरून. मी त्यांच्या जागी असते तरी ऐकलं नसतं.

द्यूतसभेत विदुर बोलला त्यातला शब्द न् शब्द खरा होता. पण तो भर सभेत बोलला, आणि युधिष्ठिरानं तर आधीच सांगून ठेवलं होतं की बोलावल्यावर मागं फिरायचं नाही हे माझं व्रत आहे. व्रत म्हटल्यावर खऱ्याखोट्याचा हिशेब संपतो. तुमच्या घरात असा विदुर होऊ नका.

मग करायचं काय? शनिवार-रविवार गड राहू दे, गावी जा. पहिला दिवस काहीच बोलू नका. दादांबरोबर बागेत फिरा, ठिबकच्या नळ्या बघा, कुठल्या ओळीत शेंडे वाळलेत, कुठली झाडं अजून तग धरून आहेत, ते त्यांच्याकडून ऐका. ‘पंख्याखाली बसतोस’ हे बोलणं तुम्हाला लागलंय ते दिसतं. पण त्याच्याखाली ‘मी इथं एकटा पडलोय’ हे आहे, ते ऐकू आलं का तुम्हाला? तीन वर्षांत तुम्ही अडीच लाख पाठवलेत. शेतात किती दिवस राहिलात ते पत्रात नाही. हे दोष द्यायला लिहीत नाही. तुमची नोकरी आहे, घर आहे. पण दादांना पैशांपेक्षा जास्त टंचाई कशाची आहे ते तुम्हीच बघा.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या माणसाला घेऊन बसा. २०१२ मध्ये दादांच्या बाजूनं उभा राहिलेला कुणी असेल, टँकरवाला मित्र, चुलत भाऊ, वडिलांच्या वयाचं कुणी. ज्यानं त्या वेळी ‘तोड’ म्हटलं होतं, असा माणूस चुकूनही नको. आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जाऊन भूवैज्ञानिकाला भेटा. हे लोक ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पाणीपातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजतात. तुमच्या भागातली पातळी गेल्या काही वर्षांत कुठं गेली ते दादांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे. त्यांना घेऊनच जा, तुम्ही एकट्यानं कागद आणून समोर टाकू नका.

आणि दादांपुढं नुसता नकार ठेवू नका, काम ठेवा. साडेतीन एकर जगवायला हजार फुटांचं पाणी लागत असेल, पण एक एकर जगवायला कदाचित विहिरीचा पाझर आणि थोडे टँकर पुरतील. सगळ्यात जोमदार झाडांचा एक एकर निवडा. ती निवड दादांनीच करावी, त्यांच्याइतकी ती झाडं कुणाला ठाऊक नाहीत. त्यावरची फळं काढून टाका, यंदा बहार धरू नका, झाडावर ओझं ठेवायचंच नाही. हलकी छाटणी, बुंध्याभोवती पाचटाचं किंवा गव्हाच्या काडाचं जाड आच्छादन, खोडाला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट, पानांतून पाणी उडून जाऊ नये म्हणून केओलिन या पांढऱ्या मातीची फवारणी, पाणी फक्त मुळांपाशी आणि संध्याकाळनंतर. प्रमाण आणि वेळ खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या. बाकीच्या अडीच एकरांतली जी झाडं पूर्ण वाळली असतील ती काढून तिथं पावसाळ्यात कमी पाण्याचं पीक घेता येतं. बंद पडलेल्या बोरांत पावसाचं पाणी गाळून सोडता येतं का, बांधबंदिस्ती कुठं करायची, हेही त्याच भूवैज्ञानिकाला विचारा. तुमच्याच जिल्ह्यात कडवंची गावानं पाणलोटाचं काम करून द्राक्षं पिकवली आहेत. दादांनी पाहिलं नसेल तर एक दिवस जाऊन या.

तुमच्याकडे आता जे काही पैसे असतील ते या एका एकरासाठी द्या, आणि तसं स्पष्ट सांगून द्या. बोरसाठी एक रुपया नाही, झाडांसाठी देतो. हे बोलणं ‘काहीच देणार नाही’ याहून फार वेगळं पडतं. दादा पुन्हा एकदा बाग जगवणारे ठरतील, लहान बाग, पण जगलेली.

मग एक कागद करा. साधा, वहीचं पान चालेल. पुढं कधीही बोरचा विषय निघाला तर किती फुटांवर थांबायचं, किती रुपयांवर थांबायचं, आणि थांबवायचा शब्द कुणाचा. माझं मत विचाराल तर तो शब्द वहिनींचा असावा. २०१२ मध्ये दागिने त्यांचे गेले होते, नाव दादांचं झालं. हे सगळं घरी, चहा पिताना ठरायला हवं. गाडी रानात उभी राहिल्यावर काहीच ठरत नसतं, ते मी काकांच्या रानात बघितलंय.

आता सही. करू नका. यात माझ्या मनात काडीचीही शंका नाही. ‘लिहून द्यायचा’ म्हणजे त्या माणसाला नोंदणी केलेलं खरेदीखत हवंय. खरेदीखत झालं की जमीन विकली गेली. ‘फेडले की परत’ हा तोंडी शब्द त्या कागदावर कुठंच नसतो. मराठवाड्यात कितीतरी जमिनी अशाच गेल्या. तो माणूस व्याजानं पैसे देत असेल तर त्याच्याकडे सावकारीचा परवाना आहे का ते सहकार खात्याच्या सहायक निबंधक कार्यालयात विचारा. परवाना नसेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ नुसार तो गुन्हा आहे, आणि अशा सावकारानं कर्जापोटी लिहून घेतलेल्या जमिनीसाठी जिल्हा उपनिबंधकांकडे दाद मागता येते. पण ती वाट लांबची आहे. त्या वाटेला जायची वेळच येऊ देऊ नका. सही का करत नाही हे दादांना सांगताना ‘माझा हिस्सा’ हा शब्द वापरू नका. ‘वडिलांचा एकर त्या माणसाला द्यायचा नाही’ एवढंच म्हणा. ते खरंही आहे.

राहिलं तुमचं बरोबर की चूक. सहीबद्दल तुमचं बरोबर आहे. ‘लागू दे एकदा ठेच’ इथं मात्र तुम्ही चुकताय. त्यांना पाच ठेचा लागल्या आहेत. सहावीनं डोळे उघडतील असं तुम्हाला वाटतं, तसंच त्यांना सहाव्या बोरला पाणी लागेल असं वाटतं. तुम्ही दोघं एकाच बापाची लेकरं आहात, हट्ट एकाच मातीतला आहे. तुमच्या हट्टाला व्यवहाराची बाजू आहे म्हणून तो तुम्हाला हट्ट वाटत नाही, इतकंच. आईसमोर दादा जे बोलले ते तुम्ही ऐकलंत आणि तरी तुमची नजर सहीवरच राहिली. समोरचं दिसत नाही म्हणतात ते असंच असतं, आणि ते तुमच्या-माझ्यासारख्या पगारदार, हिशेबी माणसांनाही होतं. पहिल्या वाचनात मलाही झालं.

आज संध्याकाळचा फोन मात्र विसरू नका. दादा सातच्या सुमाराला मळ्यातून येत असतील. उचलला नाही तर वहिनींना लावा, आणि त्यांनाच म्हणा, जरा त्यांच्याकडे द्या, बोरचं काही नाही, नुसतं बोलायचंय.